तोंड सोडून हळद

आमच्या आक्कासमोर दोन वस्तू एकत्र आणणं म्हणजे सोयरीक जमवणं. सिद्धेश्वर धरणाची मासळी ताटात पडली की ती ताकाचं भांडं उचलून दुसऱ्या खोलीत नेते. बीपीच्या गोळीवर मी चहा घेतला तर हातातला कप अडवून धरते. "याचं त्याच्याशी जमतंय का? इचारलं का कोणाला?"

मी कोणाला विचारणार? उत्तर ऐकावं लागेल म्हणून मी प्रश्नच टाळतो.

आक्का माझी थोरली बहीण. डोंगरकडा गावी दिली होती. दाजी गेल्यावर हिंगोलीला आमच्याकडे आली, सोबत ही धास्ती घेऊन.

माझ्या लेकीला, पूजाला मुरुमांसाठी डॉक्टरांनी रेटिनॉइडचं मलम दिलं, तेव्हा आक्का सोबत होती. रात्री वाटाण्याएवढं, कोरड्या तोंडाला, दिवसा सनस्क्रीन. "आणि ब्लीच, वॅक्सिंग, स्क्रब काही करायचं असेल तर आधी मलम थांबवा, मला विचारा." हे वाक्य आक्काला इतकं पटलं, की परतताना तिनं रिक्षावाल्यालाही ऐकवलं. जन्मात पहिल्यांदा तिला तिच्या मताचा माणूस भेटला होता.

मी तेच मलम एकदा दाढीनंतरच्या लोशनवर नाकाला चोपडून पाहिलं. नाकाची साल निघाली. आक्का ते नाक आल्यागेल्याला दाखवायची. "बघा, न इचारता सोयरीक केली यानं."

पूजाचं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी ती कोणाला न सांगता पार्लरमध्ये ब्लीच करून आली. मलम थांबवलंच नव्हतं. तोंड लालबुंद, हात लावला की आग. आक्कानं डॉक्टरांना फोन लावला. मलम बंद, साधं मॉइश्चरायझर तेवढं लावा, ऊन टाळा, तोंडाला दुसरं काहीही चोळू नका.

आणि सकाळी नवरदेवाची उष्टी हळद घेऊन वसमतची मंडळी दारात! हळद त्यांच्या रानातली. त्यात बेसन, वर लिंबू पिळलेलं. नाही म्हणावं तर सोयरे रुसणार, हो म्हणावं तर पोरीचं तोंड जाणार. मी मांडवाची दोरी घट्ट आहे का, ते बघायला निघून गेलो. दोरी घट्टच होती.

विधवा बाईनं हळदीत पुढं यायचं नाही, हे आक्काला कोणी सांगितलं नव्हतं. ती आपणच स्वयंपाकघरात बसायची. पण नवरदेवाच्या मावशीनं ओंजळ भरली आणि आक्का धावत येऊन पूजापुढं उभी राहिली.

"हातापायाला लावा. तोंडाला न्हाई."

"काहून? आमच्या हळदीत काय खोट हाय?"

"तुमची हळद सोनं हाय ताई. लेकराचं तोंड सोलून राहिलंय. याचं त्याच्याशी आज जमत न्हाई."

मग आपण कुठं उभ्या आहोत ते आक्काला कळलं. पदर सावरत ती मागं सरली. पूजानं तिचं मनगट धरलं.

"आत्या, मग तोंडाची हळद कोणाला लावू?"

आणि तिनं वाटीतली हळद आक्काच्या दोन्ही गालांना लावली.

मी दोरी धरूनच उभा. मावशीनं खाली बसून पूजाच्या पायांना हळद लावली. "व्हय बाई, तोंड राहू द्या."

संध्याकाळी आक्का पिवळ्या गालांनीच भांडी घासत होती. माझी बायको म्हणाली, "वन्सं, तोंड धुवून घ्या की."

"धुते ना," आक्का म्हणाली. "घाई काय हाय?"

आणि पुन्हा एकेक ताट घासत बसली, घासलेलीसुद्धा.