रोकडे कॉम्प्युटर क्लासचं पहिलं बटण

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या एका फ्रिजमध्ये पातेलंभर श्रीखंड होतं आणि फ्रिज बंद होता.

कुळगावच्या शाळेचे हेडमास्तर चिंतामणी सर मनगटावरचं घड्याळ रोज रेडिओच्या बातम्यांना लावत.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका दुकानावर पाटी होती : बिका हुआ माल वापस नहीं होगा. तिच्या खाली, मागाहून रंगवलेली दुसरी : झगड़ा भी नहीं होगा.

दूध उतू जाऊ नये म्हणून बायका गॅसपाशी उभ्या राहतात. किसन रोकडे उभा राहिला तर दूध तापतच नसे, कारण तो दर घटकेला भांडं उचलून खाली बघायचा, ज्योत आहे ना!

गयाबाईंना घाईत उरकलेली वंदना चालत नसे.

काडेपेटीतल्या काड्या फक्त पेटवण्यासाठी असतात असं ज्याला वाटतं, त्याने आमच्याकडचे प्लग पाहिलेले नाहीत.

तर हे सगळं, श्रीखंडासकट, एका रविवारी सकाळी एकाच खोलीत येऊन आदळलं.

खोली किसन रोकडेची. किसन अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता, आणि थांबणं ही गोष्ट त्याच्या अंगात कुणी भरलीच नव्हती. रेल्वेचं फाटक पडलेलं असलं की तो सायकल आडवी करून खालून काढायचा. फाटक वर जायला लागलेलं असलं तरी खालूनच! बायको सुनंदा मात्र सावकाशीची. तिने वर्षभर कल्याणला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. आता तिला घरातच क्लास काढायचा होता. बाहेर पाटीही लागली होती : रोकडे कॉम्प्युटर क्लास. पाटीवरचा रंग अजून बोटाला लागत होता, कारण किसनने ती वाळायच्या आधीच टांगली होती.

चिंतामणी सरांनी सुनंदाला शब्द दिला होता. "रोकडेबाई, उद्घाटनाला मी येतो. मशीन डोळ्यांनी चालताना बघतो. पसंत पडलं तर शाळेची आठवी-नववीची सगळी मुलं तुमच्याकडे. नाहीतर स्टेशनाजवळचा तो क्लासवाला रोज माझ्या दारात बसलेलाच आहे."

म्हणजे सुनंदाचं सगळं वर्ष त्या एका सकाळवर येऊन उभं होतं. आणि त्या सकाळच्या बटणावर बोट किसनचं होतं!

शनिवारी किसनने कॅम्प एकमधून, लछमनदासच्या दुकानातून, कॉम्प्युटर रिक्षाने आणला. मॉनिटर मांडीवर, डबा पायांत, कीबोर्ड काखेत. दुकानात मशीन फुलासारखं चाललं होतं. निघताना लछमनदास म्हणाला, "साईं, बदलापूर में वोल्टेज का भरोसा नहीं. स्टॅबिलायझर बगैर हाथ मत लगाना."

घरी आला तर लाइट गेलेली. नवा स्टॅबिलायझर घ्यायचा तर सकाळी दुकान उघडेपर्यंत थांबायला हवं. थांबायचं? किसनने? त्याने फ्रिजचा स्टॅबिलायझर काढला आणि टेबलाखाली ठेवला.

"अहो, श्रीखंड आहे आत!" सुनंदा म्हणाली.

"एका दिवसाने काही होत नाही. उद्या बघ तू! मी बटण दाबणार, आणि सरांचा हात टाळी वाजवायला वर जायच्या आत पडद्यावर अक्षरं!"

(श्रीखंड : गार.)

रविवारी खोली भरली. पुढच्या खुर्चीत चिंतामणी सर, गुडघ्यांमध्ये छत्री. मागे आठवी-नववीच्या पोरांच्या आया. दारात शेजारच्या मालिनीवहिनी, हातात लिंबू-मिरची. अंबरनाथहून आलेला सुनंदाचा भाऊ शंकर, नव्या गॉगलसकट, घरातच. आणि कोपऱ्यात, बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून बसलेल्या किसनच्या आई, गयाबाई.

"आधी वंदना," गयाबाई म्हणाल्या.

"आई, आधी मशीन चालू करून ठेवतो. मग निवांत वंदना."

"किसना, निवांत तू कधी झालास रे?"

पण किसनने स्टॅबिलायझरचं बटण दाबलं होतं. मग कॉम्प्युटरचं. सरांचा हात टाळीसाठी खरंच वर गेला.

काही नाही.

अक्षर नाही, आवाज नाही, दिवा नाही. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेल्या जावयासारखं मशीन गप्प बसलं होतं. किसनने बटण बंद केलं. चालू केलं. क्षणभर थांबला, म्हणजे त्याच्या हिशोबाने फार थांबला. बंद. चालू. स्टॅबिलायझर बंद, चालू. मग दोन्ही बंद, दोन्ही चालू. सरांचा हात हळूच खाली आला आणि छत्रीवर विसावला.

"अहो, मी काय म्हणते..." सुनंदा म्हणाली.

"नंतर!"

"भावजी, दृष्ट लागली," मालिनीवहिनींनी लिंबू-मिरची पुढे केली. "काल रिक्षातून उतरवताना अख्ख्या गल्लीने बघितलं."

"वहिनी, हे विज्ञान आहे! विज्ञानाला दृष्ट लागत नाही!" असं म्हणून विज्ञानाच्या डोक्यावर किसनने एक चापट मारली.

"तशी नाही, दाजी," शंकर पुढे सरसावला. "बाजूने मारायची. आमच्या टीव्हीला मी रोज देतो. हल्ली तर नुसता हात उगारला तरी चित्र येतं." त्याने बाजूने मारली. एका आईने आपल्या पोराला जवळ ओढलं.

"मला वाटतं, अर्थिंग," चिंतामणी सर म्हणाले.

अर्थिंग म्हणजे काय ते कुणी विचारलं नाही. सरांनीही सांगितलं नाही.

"लछमनदासला फोन करतो!" किसन चप्पल न घालताच निघाला. जाताना मात्र आठवणीने सगळी बटणं बंद करून गेला. जबाबदार माणूस बटण चालू ठेवून घराबाहेर जात नाही.

(श्रीखंड : फारसं गार नाही.)

कोपऱ्यावरच्या पीसीओत नंबर लागायला वेळ लागला. तोवर किसनने काचेवर बोटांनी तबला वाजवला, आणि आत फोनवर असलेल्या म्हाताऱ्याला "आटपा ना काका" म्हणून त्याच्या मुलीशी चाललेलं बोलणं तोडायला लावलं.

"लछमनदास, तुम्हारा मशीन मर गया!"

"साईं, शुभ शुभ बोलो! कल तो आपके सामने चला."

"आज नहीं चल रहा. हेडमास्तर बैठा है!"

"लाइट है?"

"है!"

"पिन बराबर?"

"है!"

"तो आप बटन चालू करके आराम से बैठो ना. चाय पियो. थोड़ा सबर..."

"सबर करके मशीन चलता है क्या?" किसनने फोन आदळला. माणसं काहीही सल्ला देतात!

तो परत आला तेव्हा शंकरने निदान केलं होतं. "दाजी, तुमच्या घरातला करंट कमजोर आहे. मालिनीवहिनींकडून ओढू. त्यांच्याकडे मिक्सर कसा गुरगुरतो, ऐकलाय ना?"

गॅलरीतून वायर आली. तिला एका टोकाला प्लग नव्हता. शंकरने काडेपेटी काढली, वायरची दोन उघडी टोकं वहिनींच्या भिंतीवरच्या सॉकेटच्या भोकांत घातली आणि निसटू नयेत म्हणून शेजारी एकेक काडी ठोकली. मोठ्या आत्मविश्वासाने! अंबरनाथमध्ये अर्धे कूलर असेच चालतात, तो म्हणाला.

"अहो, मी काय म्हणते..." सुनंदा पुन्हा म्हणाली.

"नंतर, सुनंदा! बघतेस ना!"

इकडे किसनने स्टॅबिलायझर त्या वायरला जोडला आणि त्याचं नि कॉम्प्युटरचं, दोन्ही बटणं दाबली. नेमकी तेव्हाच तिकडे एक काडी मोडली. वायरीची दोन टोकं कित्येक वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणींसारखी एकमेकींच्या गळ्यात पडली.

फट्!

पंखा थांबला. वहिनींचा पंखा थांबला. अख्ख्या बिल्डिंगचे पंखे थांबले. आणि क्षणभराच्या शांततेनंतर तिन्ही मजल्यांवरून एकच आरोळी उठली, कारण टीव्हीवर रविवारची पौराणिक मालिका चालू होती आणि बाण नुकताच सुटला होता.

"कोणाला लागला? कोणाला लागला?" वरच्या मजल्यावरची एक आजी जिना उतरताना विचारत होती. तिला लागणाऱ्याची काळजी होती. बाकीच्यांना, लाइट घालवणारा कोण याची. त्यांना तो सापडायला वेळ लागला नाही. बाहेर ओल्या रंगाची पाटी होतीच.

"रोकडे, शिकवणार काय, अंधार करायला?"

"कॉम्प्युटर नाही, वेल्डिंग मशीन आणलंय यांनी!"

शंकरने गॉगल खिशात घातला आणि मीटरच्या पेटीकडे पळाला. जाता जाता त्याने स्टॅबिलायझरची पिन पुन्हा घरातल्या जागी खोचली, म्हणाला, "दाजी, तुमचा करंटच बरा." तो फ्यूजची तार बांधत होता तेव्हा सगळी बिल्डिंग त्याच्या मागे उभी राहून तार कशी बांधायची ते सांगत होती. दोन्ही बटणं मात्र या गोंधळात चालूच राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच! पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता?

लाइट आली. पंखे फिरले. वरून निराश आवाज आला : बाण लागून गेला होता, आता जाहिरात चालू होती.

आणि चिंतामणी सर उठले. घड्याळ बघितलं. छत्री सरळ केली.

"रोकडेबाई, वाईट वाटून घेऊ नका. पण मुलांच्या आयांना मी काय सांगू? मशीन आहे, आणि त्याला मारावं लागतं?"

सुनंदा दारापाशी उभी होती. तिने नवी कोरी साडी नेसली होती, आणि हातात वर्षभर जपलेली कोर्सची वही होती. किसनने तिच्याकडे बघितलं आणि त्याचा हात सवयीने बटणाकडे निघाला.

"हात मागं घे!"

गयाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"मास्तर, बसा. वंदना झाल्याबगर माझ्या घरातनं कुणी जात नाही. ए शंकर, सरळ हुबा राहा. आन् किसना, तू हात जोड."

"आई, फक्त एकदा बटण..."

"दोन्ही हात!"

आता गंमत अशी की हात जोडलेला माणूस बटण दाबू शकत नाही. किसन उभा राहिला. गयाबाईंनी सुरुवात केली. सुनंदा, शंकर आणि मागच्या दोन बाया त्यांच्या मागोमाग म्हणू लागल्या. मालिनीवहिनींनीही हात जोडले, लिंबू-मिरची तळहातांच्या मध्ये. चिंतामणी सर छत्री काखेत घेऊन उभे राहिले.

गयाबाई एकेक शब्द धान्य निवडल्यासारखा म्हणत. त्रिशरण तर तीनदा म्हणायचंच असतं. दुतियम्पि आलं तेव्हा किसनच्या पायाचा अंगठा वाजू लागला. ततियम्पि आलं तेव्हा त्याला नाकावर खाज आली. त्याने ओठ वर करून नाक खाजवायचा प्रयत्न केला. जमला नाही. दारातली पोरं खिदळली. पंचशील सुरू झालं. पहिलं शील. दुसरं. आई, जरा भराभर! तिसरं. गयाबाईंनी मध्ये थांबून खोकून घेतलं. मग तिसरं पुन्हा पहिल्यापासून, कारण अर्धवट म्हटलेलं त्यांना चालत नसे.

चौथ्या शीलावर टेबलाखालून आवाज आला.

टक्.

किसनने डोळे उघडले. हा आवाज त्याने ऐकलेला होता. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागून, कितीदा तरी.

मग मशीनच्या आतला पंखा घुरघुरला. टीं! मॉनिटरवर हिरवी अक्षरं उजळली आणि आकडे सरसर वर चढू लागले.

"चालू झालं!" शंकर ओरडला.

"गप!" गयाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. पाचवं शील व्हायचं होतं. ते झालं. शेवटचं साधू, साधू, साधूही झालं. आकडे वर चढून थांबले, ठिपका लुकलुकत राहिला, आणि मगच गयाबाईंनी डोळे उघडून विचारलं, "काय, लागलं का?"

मग जी गडबड उडाली! मालिनीवहिनींच्या मते लिंबू-मिरची मशीनच्या इतकी जवळ आली, म्हणून. शंकरच्या मते फ्यूजची तार त्याने दुहेरी पिळली, म्हणून. वरच्या आजींच्या मते बाण योग्य माणसाला लागला, म्हणून. सरांनी पुन्हा एकदा "अर्थिंग" म्हणून मान हलवली.

सुनंदाने कुणाचंच ऐकलं नाही. ती खुर्चीत बसली, वही मिटून बाजूला ठेवली, आणि सावकाश, एकही चूक न करता, पडद्यावर शाळेचं नाव लिहिलं. मग सरांचं. आपलं नाव हिरव्या अक्षरांत बघून चिंतामणी सर वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. छत्री त्यांनी कोपऱ्यात ठेवली.

"उद्यापासून पाठवतो मुलं," ते म्हणाले. मग किसनकडे वळले. "पण रोकडे, बिघाड नक्की काय होता हो?"

सगळी खोली किसनकडे बघू लागली. त्याने टेबलाखाली बघितलं. मग फोटोकडे. मग आईकडे.

"व्होल्टेज," तो म्हणाला. "बदलापूरचं व्होल्टेज, सर. भरोसा नाही."

"तरी मी सांगत होते, अहो, मी काय म्हणते म्हणून," सुनंदा म्हणाली.

किसनचा चेहरा उतरला. "काय सांगत होतीस?"

"श्रीखंड आंबतंय!"

(श्रीखंड : आंबलं. तरी सगळ्यांनी खाल्लं. सरांनी दोनदा मागून घेतलं.)

क्लास चालला. पहिल्या दिवशी सुनंदाने बटण दाबलं, मशीन गप्प राहिलं, आणि पोरांनीच आरोळी दिली, "आजी, वंदना राहिली!" तेव्हापासून रिवाजच पडला. बटण दाबायचं, हात जोडायचे, ज्याला जे येतं ते म्हणायचं. वहिनींचा मुलगा शुभंकरोती म्हणे, एक सिंधी मुलगी पाढे म्हणे. अट एकच, गयाबाईंची : पूर्ण म्हणायचं, मध्ये सोडायचं नाही. मशीन एकदाही फसलं नाही. हेंद्रेपाड्यात बोलबाला झाला की रोकड्यांचा कॉम्प्युटर प्रार्थनेवर चालतो, आणि चमत्कारांविरुद्ध कारखान्याच्या गेटवर भाषणं ठोकणारा किसन रोज सकाळी रांगेत शेवटी उभा राहून, दोन्ही हात जोडून, पायाचा अंगठा वाजवत राहिला. खरं सांगायला त्याने बऱ्याचदा तोंड उघडलं. दर वेळी मालिनीवहिनी समोर असायच्या, आणि तो तोंड मिटून घ्यायचा.

क्लास निघायच्या आदल्या उन्हाळ्यात, फ्रिज नवा आला तेव्हा, मालिनीवहिनी तो बघायला आल्या होत्या आणि चालू होत नाही म्हणून स्टॅबिलायझरचं बटण सारखं खालीवर करत होत्या. त्यांचा हात बाजूला करून किसनने सांगितलं होतं, "वहिनी, हा चालू व्हायला तीन मिनिटं घेतो. मध्ये बटण हललं की पुन्हा पहिल्यापासून. माणसाला जरा धीर पाहिजे."