नईमाला नजर लागू देण्याबाबत

सन १९२८च्या हंगामात नंदुरबारच्या नगरपालिकेने चुनीलाल शेठ यांची मिरची कांडायची गिरणी गावाबाहेर हलवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. असा कोणताही ठराव मंजूर झालेला नाही, हा दुसरा ठरावही त्याच बैठकीत, त्याच एकमताने मंजूर झाला. मधल्या वेळात चहा झाला होता आणि चहा शेठजींकडचा होता. तेव्हा वाचकांनी पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजून इथून सुरुवात करावी.

गिरणी बाजाराच्या मधोमध होती आणि तेलाच्या इंजिनावर चालायची. ती सुरू झाली की लाल धुरळा उठे आणि वारा ज्या बाजूला असेल तो मोहल्ला खोकायला लागे. वारा निःपक्षपाती होता. सगळ्यांना पाळीपाळीने भेटे. वहाबच्या घराला तेवढी पाळी नव्हती, कारण ते गिरणीला पाठ टेकूनच उभं होतं.

वहाब फिरत्या सिनेमाच्या तंबूत पडद्याशेजारी उभा राहून मुक्या चित्रांचा अर्थ लोकांना ओरडून सांगायचा. त्याचा आवाज स्टेशनापर्यंत जाई. त्याची लहानगी नईमा मात्र दोन शब्द बोलली की तिसऱ्याच्या जागी खोके. डॉक्टर म्हणाले, एक तर पोरीला हलवा, नाहीतर गिरणीला. पोर घरातली होती, म्हणून वहाबने गिरणीसाठी अर्ज केला.

आता धुळ्याहून आरोग्य अधिकारी चौकशीला येणार, असं कळलं. शेठजींनी तातडीने व्यापाऱ्यांचं एक ‘श्वासहितवर्धक मंडळ’ स्थापन केलं आणि मुंबईहून एक प्रसिद्धीतज्ज्ञ मागवले. तज्ज्ञांनी उतरल्या उतरल्या समजावलं, की गिरणी सुधारण्यापेक्षा गिरणीविषयीचं मत सुधारणं सोपं असतं. त्यासाठी चित्रपट काढायचा. विषय : नंदुरबारात कुणीही खोकत नाही.

चित्रीकरण गिरणीच्या दारात सुरू झालं. कॅमेऱ्याचा दांडा फिरवणारा गृहस्थ सारखा खोकत होता, त्यामुळे तयार पट्टीत शेठजी, त्यांची म्हैस आणि रेल्वेचा पूल असे सगळे मिळून दचकत होते. सातपुड्यातून हंगामापुरती उतरलेली कालीबाई हाताला तेल चोपडून मिरच्यांचे देठ खुडत होती. तिला तज्ज्ञांनी हसायला सांगितलं. ती तशीच खुडत राहिली, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगितलं.

“हासीच ऱ्हायनू ना सायेब,” कालीबाई म्हणाली. “तोंडले फडकं बांधेल शे. तुमले काय दिसई?”

तो चित्रपट रद्द झाला. मग तक्रारदारालाच वळवावं म्हणून तज्ज्ञ वहाबच्या घरी गेले. तेव्हा वहाबची बायको रशिदा पोरीची नजर काढत होती. वाळक्या मिरच्या तिने नईमावरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. घरभर ठसका उठला. पोर खोकली, आई खोकली, तज्ज्ञही खोकले.

“ठसका लागना. नजर नही शे,” रशिदा डोळे पुसत म्हणाली. मिरची जळूनही ठसका आला नाही तरच नजर लागलेली असते, हे तिने पाहुण्यांना समजावून सांगितलं.

तज्ज्ञांना पुढचं ऐकायची गरज उरली नाही. जे काम ही बाई चार मिरच्यांत एका पोरीसाठी करते, तेच शेठजी अख्ख्या गावासाठी रोज, पोतीच्या पोती कांडून, फुकट करत आहेत! गाव खोकतं, म्हणजे गावाला नजर नाही. गिरणी हलवली तर हे कळणार कसं?

दुसरा चित्रपट ‘निर्मळ ठसका’ झटक्यात तयार झाला. त्यात शेठजींच्या मुनिमाने शिंगं लावून नजरेचं काम केलं होतं आणि नईमा खोकताना मोठ्या आकारात दिसत होती. ती अंगणात खेळत असतानाच तिचं चित्र घेतलं होतं. वेगळं काही करायला सांगावं लागलं नव्हतं. पडद्याशेजारी बोलायला वहाबच हवा, असा तज्ज्ञांचा आग्रह होता. ते म्हणाले, “तक्रारदारच बोलला की तक्रार कुठे उरते?”

वहाब लगेच हो म्हणाला. रशिदा भांडायला उठली, तेव्हा त्याने तिला हळूच सांगितलं, “चित्रं त्यासना शेत. बोलनं मन्हं शे.” आरोग्य अधिकाऱ्यांसमोर, पोरीचा चेहरा पडद्यावर आला की, तो खरं काय ते सांगून टाकणार होता.

खेळ मिरच्या वाळवायच्या पथारीवर तंबू ठोकून ठेवला होता. खुर्च्या कुठून आणणार? मंडळाने उदार मनाने प्रेक्षकांना बसायला मिरच्यांची भरलेली पोती दिली. अधिकारी साहेबांना सर्वांत फुगीर पोतं मिळालं. शिंगवाला मुनीम पहिल्यांदा घसरून पडला आणि लोक हसले. हसले म्हणजे बसल्या जागी उसळले. पोत्यांनी आपापल्या परीने प्रतिसाद दिला. मुनीम पुन्हा पडेपर्यंत तंबूत पडद्याखेरीज सगळं लाल झालं होतं.

आणि नईमाचा चेहरा आला. वहाबने स्टेशनापर्यंत ऐकू जाईल एवढा श्वास भरून घेतला. त्या श्वासाबरोबर अर्धी पथारी आत गेली.

“मंडळी,” तो म्हणाला, “हाई पोर मन्ही शे. हाई पोर...”

पुढे तो खोकत राहिला. तंबू खोकत राहिला. मागून कुणीतरी कौतुकाने म्हणालं, “वहाबभाईले तं तीळभर नजर नही,” आणि टाळ्या पडल्या. अधिकारी साहेबांनी रुमाल डोळ्यांना लावूनच शेरा लिहवून घेतला : चित्रपट अत्यंत हृदयस्पर्शी. एकही डोळा कोरडा नव्हता. तक्रारदाराचा कंठ दाटून आला. तक्रार निकालात.

त्यानंतर गावात खोकल्याला प्रतिष्ठा आली. लग्नाच्या बोलणीत मुलाला आधी खोकायला सांगू लागले. स्टेशन मास्तरांचं नाक सर्दीने चोंदलं आणि ते चार दिवस खोकले नाहीत, तर त्यांच्या हातचं तिकीट कुणी घेईना. शेवटी ते बिचारे गिरणीच्या दारात जाऊन नाक मोकळं करून आले.

वहाबने नईमाला रनाळ्याला बहिणीकडे नेऊन ठेवलं. काही आठवड्यांनी तो भेटायला गेला, तर पोर विहिरीकडच्या पांदीतून धावत आली. “अब्बा, मी हिरपर्यंत पळत गयू नि परत उनू, नि आत्याले आवाज दिना, नि तिनी ऐका!” एका दमात, कुठेही न थांबता. बोलपट अजून यायचे होते. वहाब बांधावर बसला आणि तिला तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा.

ही वार्ता मंडळापर्यंत पोहोचली. नंदुरबारात उत्तम खोकणारी मुलगी रनाळ्यात खोकत नाही. आत्याही खोकत नाही. चौकशी केली तर रनाळ्यात कुणीच खोकत नाही. एवढी दाट नजर जिल्ह्यात कुठे आढळली नव्हती. मंडळाची तातडीची बैठक झाली आणि रनाळ्याला धर्मादाय गिरणी मंजूर झाली. जागा वहाबच्या बहिणीच्या भिंतीला लागून मिळाली.

वहाब शेठजींच्या पेढीवर गेला. “शेठ, मन्ही पोर बरी व्हयनी. ती खोकस नही, हाऊ काय गुन्हा शे?”

चुनीलाल शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खरोखरच प्रेमाने ठेवला. तोवर शेठजींनी तो चित्रपट पुष्कळदा पाहिला होता. “भो, तिन्हाच साठे तं तठे गिरनी लाई ऱ्हायनूत. पोरले अशी नजर लागेल, नि आम्ही गप बसूत?”

रनाळ्याच्या गिरणीचं इंजिन बैलगाडीवर चढलं आहे. वहाबने पुन्हा अर्ज केला आहे. तो अपूर्ण ठरला, कारण मंडळाच्या नव्या नियमानुसार गिरणीला हरकत घेताना एका प्रतिष्ठित गृहस्थाचा दाखला जोडावा लागतो, की त्यांच्या घरी नंदुरबारचं तिखट खात नाहीत. असा गृहस्थ नंदुरबारात मिळाला नाही, धुळ्यात मिळाला नाही. वाचकांपैकी कुणी असल्यास त्यांनी पुढे यावं. मात्र येण्याआधी स्वयंपाकघरातला लाल डबा एकदा उघडून पाहावा. दाखल्याची जागा कोरी सोडून अर्ज खाली देत आहोत :

‘मेहेरबान अध्यक्ष साहेब, श्वासहितवर्धक मंडळ, यांसी. अर्जदार वहाब, धंदा पडद्याशेजारी बोलणे. विनंती अर्ज करतो की, माझी मुलगी नईमा हिला मौजे रनाळे इथे नजर लागलेली असून तिची प्रकृती उत्तम आहे. तरी सदर नजर तशीच कायम राहू देण्याची कृपा व्हावी.’