आधी वारा बघा

रोज सकाळी साडेआठच्या सुमाराला गोविंदराव करमरकर आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि विचारायचे, "वहिनी, वास कसला येतोय?"

नमस्कार नाही, कसं काय नाही. मी म्हणायची, "हिंगाची फोडणी आहे, भाऊजी."

"पक्कं?"

"पक्कं."

"आणखी काही?"

"नालीचा येतोय. तो रोजचाच."

मान हलवून ते पुढे जायचे. मला वाटायचं, एकटा माणूस, जेवायला बोलवा म्हणून सुचवतोय. दोन-तीनदा ताट वाढलंही. मुकाट्याने जेवले आणि मीठ जरा जास्त झालंय एवढंच बोलले. आमटीच्या खमंगपणाबद्दल अवाक्षर नाही. मी देशस्थ. मनात म्हटलं, कोकणस्थ माणूस, कौतुकालाही हात आखडता.

आता त्यांची ओळख नीट करून देते. आमचं घर काशीत, मंगला गौरीच्या देवळामागे, घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत. समोरच्या घरात तळमजला रिकामा असूनही गोविंदरावांनी हट्टाने वरची खोली भाड्याने घेतली होती. गुडघे दुखत असताना बासष्ट पायऱ्या चढायचे. नोकरी सगळी जलकलात, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या खात्यात, गेली. इथल्या नव्हे, गंगेकाठच्याच दुसऱ्या एका गावच्या. नळाच्या पाण्यातले जंतू मारायला क्लोरीन घालतात ना, त्याचे माणसाएवढे लोखंडी सिलिंडर सांभाळायचं काम. हा वायू पाण्यात चिमूटभर असला तर आपला राखणदार, आणि मोकळा सुटला तर छातीत शिरून माणसाला कोरड्या जमिनीवर बुडवतो. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही हळदीकुंकवाला बायका जमल्या असताना.

निवृत्त झाले तरी नोकरी काही अंगातून गेली नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी बोट ओलं करून वर धरायचे. "आधी वारा बघा, मग माणसं बघा." आमच्या गच्चीवर त्यांनी वाऱ्याची दिशा कळावी म्हणून जुन्या धोतराची पिशवी शिवून बांबूला बांधली. पण ही काशी. आठ दिवसांत कुणीतरी बांबूच्या बुडाशी हळदकुंकू वाहून गेलं, पुढच्या मंगळवारी पेढाही आला. गोविंदरावांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "वाहू देत. त्या निमित्ताने वर तरी बघतील."

त्यांच्या स्वयंपाकातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. 'मीठ. खाण्यास योग्य.' 'लोणचे. भरल्याची तारीख अमुक. उन्हात ठेवू नये.' गल्लीत सायकलवर संडास धुवायचं तेजाब विकणारा येतो, शरबताच्या जुन्या बाटल्यांत भरून. एकदा आमच्या ह्यांनी तसली बाटली मोरीच्या फळीवर ठेवली, तर गोविंदराव महिनाभर ह्यांच्याशी बोलले नाहीत. "मास्तर, शाळेत मुलांना अक्षरं शिकवलीत आणि घरात विषाला नाव नाही?"

त्यांच्या खोलीत फळीवर एक मोठा पत्र्याचा डबा होता. झाकणाभोवती पट्टी गुंडाळलेली, वर लाल अक्षरांत 'थंड, कोरड्या जागी ठेवणे. विनाकारण उघडू नये.' आमचे हे त्या डब्याखाली कधी बसले नाहीत.

आणि एक वाक्य तर गल्लीतल्या पोरासोरांना पाठ होतं. घरचा गॅस संपला आणि कुणी टाकी आडवी लोळवत नेली की गोविंदराव वरून ओरडायचे, "खाली समझ के लात मत मारो. खाली को भी भरे जैसा रखो." कचोरीवाला शंभू नक्कल करायचा. रिकामा द्रोण दोन्ही हातांनी उचलून म्हणायचा, "धीरे से गुरु, खाली हौ."

सगळ्यात मोठं पाप म्हणजे गोविंदराव गंगेवर जात नसत. काशीत राहून घाटाची पायरी उतरत नसत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "उतार आहे."

गेल्या पौषातली गोष्ट. चार दिवस ऊन नव्हतं, धुकं गल्लीत बसकण मारून होतं. साडेआठला गोविंदराव आले. "वहिनी, वास कसला येतोय?"

मी म्हटलं, "आज नळाच्या पाण्यासारखा येतोय. ब्लीचिंगचा. पण फार उग्र."

ते थांबले. "डोळे चुरचुरतात?"

"हो. घसाही."

"कुठून?"

मी गल्लीच्या वळणाकडे हात केला. तिथे कल्लू कबाडीचं भंगाराचं गोदाम. गोविंदरावांनी वर पाहिलं. धोतराची पिशवी लोंबत होती, जराशी घाटाकडे झुकलेली. मी त्यांचं तोंड पाहिलं आणि हातातली पळी खाली ठेवली.

"दारं उघडा. जो येईल त्याला गच्चीवर न्या. पंचे ओले करा. खाली कुणाला जाऊ देऊ नका."

कल्लूने कुठल्याशा बंद कारखान्याच्या भंगारात एक जुना सिलिंडर घेतला होता. त्यावर 'खाली', म्हणजे रिकामा, असं लिहिलेलं होतं म्हणे. वरच्या पितळी तोटीसाठी तो हातोडा मारत होता. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त खोकणं ऐकू येत होतं आणि धुक्यात खाली काहीतरी पिवळट-हिरवट सरकत होतं.

लोक पळत सुटले. आता काशीचा माणूस घाबरला की कुठे पळणार? गंगेकडे. मंगला गौरीला आलेल्या बायका, दूधवाला, शंभू, सगळे पायऱ्यांच्या दिशेने. आणि तो वायू हवेपेक्षा जड. तोही पायऱ्याच उतरत होता.

गोविंदराव ओला पंचा तोंडाला लावून घाटाच्या तोंडाशी हात पसरून उभे राहिले. "नीचे नहीं. ऊपर चलो. छत पर."

"हटो गुरु," शंभू खोकत म्हणाला, "गंगाजी जाए से रोकत हउआ?"

कुणीतरी त्यांना ढकललं. ते भिंतीला आपटले, पुन्हा उभे राहिले. वेडा म्हातारा म्हणून हसण्यावारी नेलेला माणूस, त्याचं त्या घडीला कोण ऐकणार? माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. माझं नाही ऐकणार."

मी चाळीस वर्षं या गल्लीत ओरडत आलेली आहे, भाजीवाल्यावर, माकडांवर, ह्यांच्यावर. त्या दिवशी तो गळा कामाला आला. शंभूची मनगटं धरली आणि म्हटलं, "मुसीबत में हमरे घरे ना अइबा त कब अइबा? चला ऊपर." तो वळला. तो वळला तसे बाकीचे वळले. आमच्या चार मजली जिन्यातून माणसं एकमेकांना ओढत वर गेली. धोतराच्या पिशवीखाली दाटीवाटीने उभी राहिली, ओल्या पंच्यांनी तोंडं झाकून.

पण एकजण आधीच खाली गेली होती. फुलवाली सोनमती. गोविंदराव पोचायच्या आधी. दमकलवाले, म्हणजे आगीच्या बंबाची माणसं, आले, तोंडावर नळ्या लावून उतरले, तेव्हा ती शेवटच्या पायऱ्यांवर सापडली, पाण्यापासून दोन हातांवर. तिसऱ्या दिवशी इस्पितळातच वारली. कल्लू वाचला, पण आता दहा पावलं चालला की बसतो.

चौकशीला आलेले साहेब तीन-तीनदा म्हणत होते, "लेकिन वो तो खाली था."

सोनमतीचं झाल्यावर गोविंदराव पाच-सहा दिवस दारात आलेच नाहीत. मग मीच बासष्ट पायऱ्या चढून गेले, डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन. खाटेवर बसले होते. मी डबा उघडून त्यांच्या नाकाशी नेला, म्हटलं, "बघा, जिऱ्याचा वास कसा सुटलाय."

"मला नाही येत," ते म्हणाले. "अकरा वर्षं झाली. कसलाच नाही."

मी डबा खाली ठेवला. रोजची साडेआठची चौकशी मला त्या क्षणी कळली. एवढी वर्षं हा माणूस माझ्या नाकाने गल्लीची राखण करत होता, आणि मी त्याला अधाशी म्हणत होते.

मग त्यांनी सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या जलकलात असाच वायू सुटला होता. ते आत शिरून तोटी बंद करत होते, नाक तेव्हाच गेलं. क्वार्टर्स नदीच्याच काठी. बायको, सुधाताई, माहेरची काशीची, ब्रह्मा घाटाजवळची. घाबरली आणि लहानपणापासून जिकडे पळायची सवय, तिकडे, खाली पाण्याकडे, पळाली.

"पन्नास माणसांना शिकवलं होतं मी," गोविंदराव म्हणाले. "कुठे पळायचं, कुठे नाही. दर महिन्याला, फळ्यावर चित्र काढून. घरी नाही सांगितलं. घरी काय सांगायचं, असं वाटायचं."

खिचडीच्या डब्याला मी झाकण लावलं.

ते उठले, स्टुलावर चढले आणि फळीवरचा तो डबा काढून माझ्यापुढे ठेवला. चाकूने पट्टी कापली. "एक काम आहे, वहिनी. पण येतो तोच वास सांगायचा. यायला हवा तो नाही. चुकीच्या निदानाने माणसं जातात."

आत एक हिरवी सुती साडी होती, नीट घडी घातलेली. तिच्यावर एक रुमाल.

"ती तिळाचं तेल लावायची केसांना. त्यात वाळा घालून."

मी साडीत तोंड घातलं. खूप वेळ घातलं. खोटं बोलायला मला एक श्वास पुरला असता. आयुष्यभर लोकांच्या पुरणपोळ्यांना छान म्हणत आलेली बाई मी.

"पत्र्याचा येतोय, भाऊजी," मी म्हटलं. "आणि जुन्या कापसाचा."

"आणखी काही?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी मान हलवली, रोज दारात हलवायचे तशीच. साडीवरचा रुमाल सारखा केला. झाकण लावलं, नवी पट्टी घेऊन चारी बाजूंनी गुंडाळली, नखाने दाबून दाबून. चिठ्ठीवर त्या दिवसाची तारीख घातली.

"मग आता कशाला बांधताय?" माझ्या तोंडून गेलं.

"रिकामाही भरल्यासारखाच ठेवायचा असतो, वहिनी," ते म्हणाले, आणि डबा दोन्ही हातांत घेऊन स्टुलावर चढू लागले. मी स्टूल धरलं.