तेल न पिणारी गाडी

"अर्धा लिटर! खंडेनवमीपर्यंत अर्ध्या लिटरच्या वर एक थेंब जरी प्यायली, तर खुशाल वीक तिला!"

हे वाक्य विठोजीरावांच्या तोंडून बाहेर पडलं आणि बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या त्या घरात जेवणाच्या ताटांवरचे हात जागच्या जागी थांबले. सर्वांत जास्त दचकले ते स्वतः विठोजीराव. छत्तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या या माणसाने आजवर छातीठोकपणे असं काही म्हटलंच नव्हतं. आज गुरुवार आहे हेसुद्धा ते आधी 'बहुतेक' लावून सांगत. रस्त्यात कुणी पत्ता विचारला, तर सांगून झाल्यावर आपण चुकीचा तर नाही ना सांगितला, या काळजीने शंभर पावलं त्याच्या मागे जात!

पण प्रश्न गाडीचा होता. सत्तर साली घेतलेली, दुधी रंगाची, आता सव्वीस वर्षांची झालेली गाडी. सगळ्या आयुष्यात हाच एक निर्णय त्यांनी कुणाला न विचारता घेतला होता आणि तो चुकला नव्हता. निदान असं त्यांना वाटत होतं.

मुलाचं, नंदूचं, म्हणणं वेगळं होतं. नंदू कोरमंगलाच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता. त्याने नवी मारुती नोंदवली होती. ती दसऱ्यानंतर येणार होती आणि अंगणात गाडी उभी राहील अशी जागा एकच होती.

"अप्पा, ती पेट्रोलवर नाही, इंजिनऑइलवर चालते," नंदू म्हणाला. "मागे निळा धूर बघा. लोकांना वाटतं, डास मारणारी गाडी आली. दारं-खिडक्या बंद करतात!"

"जुन्या इंजिनाला थोडं लागतं रे."

"थोडं म्हणजे किती?"

आणि तिथे ते अर्ध्या लिटरचं वाक्य बाहेर पडलं!

नंदूने लगेच अटी घातल्या. खंडेनवमीला आठ आठवडे होते. आज तेल पूर्ण भरायचं, मग तोवर वरून घालायचं नाही. गाडी नुसती उभी ठेवून वाचवायची नाही. रोज सकाळी त्याला ऑफिसात सोडायचं, संध्याकाळी आणायचं.

"आणि माप तुम्हीच घ्या दर रविवारी. मी बघणारसुद्धा नाही. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

इथेच विठोजीरावांची पंचाईत झाली. दुसऱ्याने संशय घेतला तर ते सहन करू शकत. विश्वास त्यांना झेपत नसे.

इंजिनात हातभर लांब पोलादी पट्टी खोचलेली असते, डिपस्टिक. ती बाहेर काढायची, पुसायची, परत खोचायची, पुन्हा काढायची. तिच्यावर दोन खुणा. वरच्या खुणेला तेल असलं म्हणजे पोट भरलेलं, खालच्या खुणेला गेलं म्हणजे घरघर लागली. दोन्हींच्या मध्ये एक लिटर. म्हणजे तेल मधोमध आलं की अर्धा लिटर संपला.

पहिल्या रविवारी तेल मधोमध आलं होतं!

आठ आठवड्यांचं रेशन एका आठवड्यात फस्त! विठोजीरावांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग वहीत आकडा लिहिला आणि पायरीवर जाऊन बसले. प्रेमाबाईंनी खिडकीतून ते पाहिलं. कुंपणापलीकडून कृष्णमूर्तींनीही पाहिलं. बँकेतून निवृत्त झालेला हा शेजारी वीस वर्षं कुंपणावरून बोलत बोलत मराठी शिकला होता आणि दर गुरुवारी विठोजीरावांबरोबर याच गाडीतून मल्लेश्वरमच्या वाचनालयात जात होता.

दुसरा रविवार उजाडला. विठोजीरावांनी देवाचं नाव घेऊन पट्टी काढली. तेल वरच्या खुणेला होतं!

त्यांनी आकाशाकडे पाहिलं. मग त्यांना सुचलं की रोज सकाळी फिरायला लागल्यापासून त्यांचा स्वतःचा रक्तदाबही उतरला होता. रोज कोरमंगलापर्यंत जाऊन-येऊन गाडीची प्रकृती सुधारली असेल. पहिल्या रविवारी आपलंच बघणं चुकलं असेल. स्वतःची चूक सापडली की विठोजीरावांना फार बरं वाटे, कारण ती ओळखीची असे.

तिसऱ्या रविवारी मात्र तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं.

म्हणजे गाडी तेल पीत नव्हती. गाडी तेल देत होती! गाईला पान्हा फुटावा तसं सव्वीस वर्षांच्या इंजिनाला तेल सुटलं होतं!

त्यांनी वाचनालयातून मोटारीवरची तीन पुस्तकं आणली. तेलात पेट्रोल झिरपलं तर पातळी वाढते, असं एकात होतं. तसं झालं असेल तर तेलाला पेट्रोलचा वास येईल. विठोजीराव बोटाला तेल लावून पायरीवर हुंगत बसले.

"अहो, काय अत्तर आहे का ते?" प्रेमाबाई म्हणाल्या.

"पेट्रोलचा वास येतो का बघ गं."

प्रेमाबाईंनी वास घेतला. त्यांचा चेहरा कसनुसा झाला. "नाही हो. तेलाचाच येतोय. छान आहे तेल. आता आत चला बघू, पोहे निवतायत."

पेट्रोल नाही. मग? नंदू खंडेनवमीला पट्टी बघणार आणि म्हणणार, अप्पांनी चोरून तेल घातलं! छत्तीस वर्षं ग्रंथालयाच्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळलेल्या माणसावर, शेवटी, चोरीचा आळ! एकच उपाय होता. जास्तीचं तेल काढून टाकायचं.

ते औषधांच्या दुकानात गेले आणि सर्वांत मोठी पिचकारी मागितली.

"सुई नको. पुढे रबरी नळी लावता येईल अशी."

"पेशंटचं वय?"

"सव्वीस."

"जेंट्स की लेडीज?"

"ते नक्की नाही सांगता येणार," विठोजीराव खरं तेच बोलले.

दुकानदाराने पिचकारी दिली आणि ते रस्ता ओलांडेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिला.

मग दर रविवारी, प्रेमाबाई देवपूजेला बसल्या की विठोजीराव पट्टीच्या भोकातून नळी सोडत, पिचकारीने जास्तीचं तेल ओढत आणि कपडे धुवायच्या दगडामागे लपवलेल्या डब्यात ओतत. वरून तेल घालायचं नाही एवढीच अट होती. काढायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. तरीही प्रत्येक पिचकारीला त्यांच्या मनाला टोचणी लागत होती. आपण स्वतःच्याच इंजिनावर डल्ला मारतोय!

चमत्कार असा की पुढच्या रविवारी पातळी पुन्हा वर आलेली असे. आणि त्याहून मोठा चमत्कार असा की डबा कधीच भरत नसे. मागच्या वेळी पाऊण डबा होता असं त्यांना आठवे, बघावं तर तळाला चार बोटं! विठोजीरावांनी त्याचा दोष आपल्या स्मरणशक्तीला दिला आणि सकाळी बदाम खायला सुरुवात केली.

असे आठ आठवडे गेले. खंडेनवमी आली.

बेंगळूरला या दिवशी चाकं असलेली प्रत्येक वस्तू नवरी होते. बसपासून भाजीच्या गाडीपर्यंत सगळ्यांना झेंडूच्या माळा, केळीची रोपं! विठोजीरावांची गाडीही नटून अंगणात उभी होती. बॉनेटच्या दोन्ही बाजूंना केळी, चाकांखाली लिंबं, समोर फोडायला कुंकू भरलेला कोहळा.

विठोजीराव मात्र रात्रीच ठरवून उठले होते. नंदूने पट्टी बघितली की सगळं सांगून टाकायचं. पिचकारीसकट. गाडी गेली तर गेली.

"चला अप्पा," नंदू म्हणाला. "पट्टी बघू."

बॉनेट उघडलं. पट्टी नव्हती!

"अगं, डिपस्टिक कुठाय?"

"देवापुढे," प्रेमाबाई सहज म्हणाल्या. "दरवर्षी ठेवते तिथेच. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा काढून नेली."

खरंच होतं ते. मराठ्याचं घर, खंडेनवमीला शस्त्र पुजायलाच हवं. पण पूर्वजांची तलवार वाटणीत थोरल्या भावाकडे कोलारला गेली होती. तेव्हापासून या घरात देवीसमोर विळी, अडकित्ता, नंदूचा कीबोर्ड आणि तलवारीच्या जागी डिपस्टिक मांडली जात असे. लांब, पोलादी आणि घरात एवढंच म्यानातून उपसायचं काही उरलेलं!

"आण ना मग," नंदू म्हणाला.

"भलतंच काय! पुजलेलं शस्त्र उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवतात का? तुझं ऑफिस बंद राहील एक दिवस, तसं तिचंही राहू दे."

"अण्णा, मुहूर्त जातोय!" कुंपणापलीकडून कृष्णमूर्ती नवा पांढराशुभ्र, पायघोळ पंचा नेसून आले. "पट्टी नाळे, उद्या बघा. आता लिंबावरून गाडी काढा. स्वल्प एक राउंड!"

विठोजीराव स्टिअरिंगवर बसले. ते मनात कबुलीजबाब जुळवत होते, त्यामुळे पट्टीचं भोक उघडंच राहिलंय हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. सुरू झालेलं जुनं इंजिन आतून किती जोराने फुंकर मारतं, हे त्यांनी तिन्ही पुस्तकांत वाचलं होतं. वाचलेलं ऐन वेळी आठवत नाही, हेही त्यांना अनुभवाने माहीत होतं.

गाडी सुरू झाली. लिंबं फुटली. फटाफट! गाडी फाटकाबाहेर गेली, दहा पावलं चालली आणि बॉनेटखालून आवाज आला, भस्स!

इंजिनातलं भरभरून साठलेलं तेल त्या भोकातून कारंज्यासारखं उडालं. तापलेल्या नळकांड्यांवर पडून त्याचा असा काही धूर झाला की अख्खी गल्ली दिसेनाशी झाली. झेंडू काळे, केळी काळ्या. कुणी 'बेंकी, बेंकी!' म्हणत आगीची हाकाटी केली. कुणी सड्याची बादली ओतली. आणि धुरातून कृष्णमूर्ती बाहेर आले ते कमरेपासून पायापर्यंत तेलाने निथळत!

"अय्यो!" ते ओरडले. "दर सोमवारी एक एक कप घातला मी, तो सगळा माझ्याच पंच्यावर आला!"



"तुम्ही घातलात?" विठोजीराव खाली उतरत म्हणाले.

"काय करू अण्णा? पहिल्या रविवारी पायरीवर बसलेलं तुमचं तोंड बघवलं नाही. गाडी गेली तर तुम्ही गुरुवारी एकटे कसे जाणार? आणि मी तरी?"

प्रेमाबाई पदराला हात पुसत हळूच म्हणाल्या, "मीपण घालत होते. जास्त नाही. रोज दिवा लावताना एक पळी. समईत घालतो तशी."

"तुला कुठे घालायचं ते ठाऊक होतं?"

"सव्वीस वर्षं बॉनेट धरून उभी राहिलेय मी!"

"आणि तेल कुठलं?"

"आधी बाजारातून आणलं, मग दगडामागच्या डब्यातलं. तुम्हीच आणून ठेवलं होतं ना?"

विठोजीराव मटकन बॉनेटला टेकले. म्हणजे ते रविवारी काढत होते, ही आठवडाभर तेच परत ओतत होती! लालबागेतल्या कारंज्यासारखं तेच तेल फिरत होतं! त्यांनी मान खाली घालून पिचकारीची सगळी हकिगत सांगितली. सांगून झाल्यावर किल्ली काढून नंदूपुढे धरली.

"मी हरलो. तू विश्वास ठेवलास आणि मी लबाडी केली. घेऊन जा गाडी."

नंदूने किल्ली घेतली नाही. तो बुटाच्या टोकाने फुटलेलं लिंबू उगाच ढकलत राहिला.

"अप्पा, शुक्रवारी तुम्ही मला न्यायला यायचात आणि कँटीनमध्ये कॉफी प्यायला जायचात ना..."

"हो."

"तेव्हा मीपण घालायचो."

"तू?" तिघेही एकदम म्हणाले. "अरे, पण तुलाच तर गाडी नको होती!"

"मला जागा हवी होती," नंदू म्हणाला. "पण आठ आठवडे तुमच्या शेजारी बसून जायचं म्हणजे काय! रस्ता सोडून तुमचा डोळा डॅशबोर्डवरच्या त्या तेलाच्या दिव्यावर. तो लुकलुकला की तुम्हीच विझताय असं वाटायचं. नाही सहन झालं."

मग कृष्णमूर्तींनी घसा साफ केला. "नवी गाडी माझ्या कंपाउंडात लाव रे नंदू. मोकळंच आहे. पण ही खरोखर किती पिते ते कळलंच नाही की!"

हे मात्र खरं होतं. तिघांनी ओतलं, एकाने काढलं आणि उरलेलं पंच्यावर गेलं. आता त्याचा हिशेब देवीलाही लागला नसता.

"मग परत मोजायचं," नंदू म्हणाला. त्याचा आवाज पुन्हा कंपनीतल्यासारखा झाला. "या वेळी नीट. उद्या नवं तेल भरायचं आणि ते बदलायची वेळ येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. तोवर किती पिते बघू आणि मग ठरवू." त्याने डॅशबोर्डच्या खणातून गाडीबरोबर आलेलं जुनं माहितीपुस्तक काढलं आणि तेलकट बोटांनी पान शोधलं. "हे बघा. दर तीन हजार किलोमीटरला तेल बदलावे. तीन हजार. कबूल?"

"कबूल," विठोजीराव म्हणाले. पुस्तक त्यांच्या हातात देऊन नंदू आंघोळीला गेला.

विठोजीराव पायरीवर बसून मनात गणित करू लागले. नंदू आता त्याच्या गाडीने जाणार. आपल्याला जायचं ते फक्त गुरुवारी, मल्लेश्वरमला. जाऊन-येऊन सात किलोमीटर. तीन हजार भागिले सात. म्हणजे झाली की बहुतेक आठ वर्षं! त्यांनी गणित दोनदा तपासलं. बरोबर होतं!

मग सवयीने त्यांची नजर पुढच्या ओळीवर गेली. 'किंवा दर सहा महिन्यांनी, यांपैकी जे आधी...' एवढंच दिसत होतं. पुढे नंदूच्या अंगठ्याचा काळा, तेलकट ठसा होता. तो पुसला असता तर निघाला असता. जुनी पुस्तकं साफ करण्यात विठोजीरावांची हयात गेली होती.

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आयुष्यात प्रथमच एक वाक्य अर्धवट सोडून पुस्तक मिटलं.