कामडी सरांचा पक्का पीरियड

आमच्या शाळेत एक मास्तर दुसऱ्यांच्या वर्गाच्या दाराशी उभे राहून वेळ मागायचे. खोटं वाटेल, पण खरंच मागायचे. गणिताचा तास संपत आला की दारात आधी कामडी सरांचं टक्कल दिसायचं, मग चष्मा, मग पुढे केलेली ओंजळ.

"काही उरलं असन तं द्या."

गणिताचे सर घड्याळ पाहायचे. "सात मिनिटं हायेत. घ्या कामडीजी, खुशाल घ्या."

आणि कामडी सर ती सात मिनिटं सांडतील की काय अशा बेतानं आत यायचे.

ही नागपूरपलीकडच्या सौंसर तालुक्यातली गोष्ट, संत्र्यांच्या मुलखातली. सर चित्रकलेचे. टाइमटेबलात चित्रकला शनिवारी शेवटी लिहिलेली होती, पण परीक्षा जवळ आली की तो तास गणित खायचं आणि परीक्षा लांब असली की विज्ञान. सर कोणाशी भांडले नाहीत. उरलंसुरलं गोळा करून त्यांनी आम्हाला चित्रकला शिकवली. कागदही तसाच. लग्नसराई संपली की ते घरोघर जाऊन जुन्या पत्रिका मागत आणि आम्ही त्यांच्या कोऱ्या पाठीवर चित्रं काढायचो. एकदा जिल्ह्याहून आलेल्या साहेबांनी माझा बैल उलटून पाहिला आणि मुहूर्ताची वेळ वाचत बसले.

मी सध्या सुरतेला असते, साडीवर खडे चिकटवते. नववीतच माझी शाळा सुटली. असं काही लिहायची सवय नाही, कुठं काय चुकेल याची धाकधूक वाटते. तरी सरांबद्दल लिहायलाच पाहिजे, का ते पुढे येईलच.

सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "दिसते तं सगळ्यायलेच. तू पाह्य." आणि एक नियम. जे चित्र काढाल त्याच्या खाली ते कुठं पाहिलं ते लिहायचं. आमच्या वर्गातल्या एकानं दोन डोंगर, मधून सूर्य, बाजूला नारळाचं झाड असं काढलं.

"नारळाचं झाड कुठं पाहिलं बे?"

"पुस्तकात, सर."

"मंग लिही खाली, पुस्तकातलं."

पोरगा रडकुंडीला आला. सरांनी त्याची पाठ थोपटली, पण लिहायला लावलंच.

आठवीत असताना सरांनी संत्रं काढायला सांगितलं. सौंसरच्या पोरांना संत्रं काय शिकवायचं? सगळ्यांनी गोल काढला आणि डबीतला नारंगी रंग भरला. सरांनी पिशवीतून एक संत्रं काढून टेबलावर ठेवलं. अर्धं हिरवं, अर्धं पिवळट.

"हे काय होय?"

"संत्रा!"

"अन् तुमच्या कागदावर काय होय? जलमभर बगीच्यात राहता, अन् डबीवर भरोसा करून राहिले?"

त्या दिवशी घरी जाताना मी मायच्या कामावर थांबले. माय पाटलांच्या बगीच्यात रोजानं जायची, संत्री तोडायला, निवडायला. मी झाडाखाली बसून एका संत्र्याकडे खूप वेळ पाहिलं. हिरवं होतं, पिवळं होतं, आणि देठाजवळ काजळ पुसल्यासारखे काळे डाग. आमच्याकडे त्याला कोळशी म्हणतात. ती आली की व्यापारी तोंड फिरवतो. मला तेव्हा व्यापाऱ्याचं काय! मी डाग काढले, अगदी तसेच, आणि नियमाप्रमाणे खाली लिहिलं, पाटलांच्या बगीच्यातलं संत्रं.

सर त्या चित्रापुढून हलेनात. "करुणा," ते म्हणाले, "हे तू पाहिलं."

सव्वीस जानेवारीला चित्रांचं प्रदर्शन होतं. सरांनी माझं संत्रं मधोमध टाचलं. आदल्या दिवशी हेडमास्तर फेरी मारायला आले, त्याच्यापुढे थांबले आणि खालची ओळ वाचली. मी तिथंच बाकामागे खळ कालवत होते.

"कामडीजी, हे काढा. पाटील मुख्य पाहुणे म्हणून येऊन राहिले. संगं नागपूरचा व्यापारी आणून राहिले. मृगाच्या बहाराचा सौदा व्हायचा हाय, अन् तुम्ही भिताडावर कोळशी टांगून ठेवली?"

"पोरीनं पाहिली ते काढली, साहेब."

हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. आवाज खाली करून म्हणाले, "हे पाहा, नव्या सत्रापासून शनिवारचा पीरियड तुमचा. कोणी हात लावणार नाई. लिहून देतो. फक्त हे एक काढा."

सरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. "पीरियड तं पाह्यजे, साहेब. लई वर्सं झाले मागून राहिलो. पण मीच या लेकरायले पाहाले शिकवलं. आता मीच कसा म्हणू का नोको पाहू?"

चित्र राहिलं. मी फुलून घरी गेले आणि मायला सगळं सांगितलं. मायच्या हातातली भाकर तव्यावर पडायची राहिली.

"माये बाई! पाटलायचं नाव लिहिलं? उद्या मले बगीच्यात पाय ठेवू देईन का तो? खाऊ काय आपण?"

ती जेवली नाही.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी शाळेत गेले. सर एकटेच पताका बांधत होते.

"सर, माह्यं चित्र काढून टाका."

"कोण म्हणते?"

"माय त्याच बगीच्यात कामाले जाते."

सर स्टुलावरून उतरले. हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी चित्राच्या टाचण्या काढल्या, कागद फाटू नये म्हणून नखानं एकेक उचलून, आणि ते माझ्या दप्तरात घातलं.

"हे तू म्हटलं असं कोणाले सांगजो नोको. का म्हटलं ते निघालं का मायचं नाव निघते, अन् मंग गोष्ट पाटलापर्यंत जाते. समजलं?"

आणि ते तडक हेडमास्तरांकडे गेले. दार उघडंच होतं. सर सगळ्या स्टाफला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काढलं, साहेब. द्या लिहून पीरियड."

पाटील आले. भिंतीवरची नारंगी संत्री पाहून खूश झाले. व्यापाऱ्यानं लाडू खाल्ला. सगळं नीट पार पडलं.

त्यानंतर शाळाभर एकच गोष्ट झाली. कामडीनं पोरीचं चित्र विकून पीरियड घेतला. चहा आला की कोणीतरी म्हणायचंच, "काय कामडीजी, आज कोणतं चित्र काढलं विकाले?" सर हसायचे, आणि आपला कप घेऊन व्हरांड्यात जायचे. वर्गातली पोरं मला म्हणत, "तुया सरनं धोका देला तुले." मी मान खाली घालून उभी राहायची. सरांनी सांगितलेलं होतं.

नवं सत्र आलं, पक्का पीरियड आला. पहिल्या शनिवारी सर आत आले, दहा मिनिटांत सगळं शिकवून मोकळे झाले आणि घड्याळ पाहून घाबरले. इतका वेळ त्यांना कधी मिळालाच नव्हता. "आता?" ते आम्हालाच विचारू लागले. आम्ही खूप हसलो. असे थोडेच शनिवार मला मिळाले. मग घरचं जमेना, आणि मी बाहेर पडले.

मागच्या खेपेला गावाहून परत निघाले तेव्हा सौंसरच्या स्टँडवर सर भेटले. रिटायर झालेत, वाळलेत. माझी बॅग उचलू लागले, मी उचलू दिली नाही. नागपूरच्या गाडीला वेळ होता. तेवढ्यात शाळेतले जुने गणिताचे सर समोरून गेले आणि हात वर करून ओरडले, "का हो कामडीजी, आजकाल काही विकून राहिले का नाई?"

सर हसले. तसेच, पूर्वीसारखे.

मला राहवेना. "सर, मी सांगू का याले? सगळ्यायले सांगू का, खरं काय झालं तं?"

सरांनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"तुयी माय अजून पाटलाकडंच जाते ना?"

"हो, सर."

"मंग कायले?" ते म्हणाले. "गाडी लागली पाह्य तुयी. खिडकीची जागा धर."

या दिवाळीत मी मायला सुरतेला घेऊन आले. आता ती कोणाच्याच बगीच्यात जात नाही. म्हणून हे लिहिलं.