झुलालआबांचा मान आणि अडकलेली पिन

लेकीच्या लग्नाच्या सकाळी अभिमननं छोट्या ट्रॅक्टरमागे गवत कापायचं यंत्र जोडायला घेतलं. मांडवामागच्या पडीत गुडघाभर गवत, आणि वरण-बट्टीची पंगत बसायची तिथंच! काम केवढं? ट्रॅक्टर मागे घेऊन यंत्राला भिडवायचा आणि दोन्ही बाजूंना पिना घालायच्या. पण शिंदखेड्याकडच्या त्या गावात कुणी ट्रॅक्टर मागे घेतला की सांगायला अख्खी आळी हजर.

"येऊ दे, येऊ दे!"

"आरे, डावीकडे ले!"

"डावीकडे नही, उजवीकडे!"

डावी पिन बसली की उजवी वीतभर लांब. शेवटी शेजारचा निंबा वैतागला आणि घण घेऊन आला. "आते दखा!" म्हणत त्यानं अशी हाणली की पिन बसली खरी, पण वाकून. गवत मात्र झकास कापलं गेलं.

तेवढ्यात त्याची बायको पुष्पाबाई ओरडत आली, "आहो, याही स्टँडवर उनात! ट्रॉली जोडा!"

व्याह्यांचं वऱ्हाड स्टँडवरून ट्रॉलीतून आणायचं होतं, पण यंत्र काढल्याशिवाय ट्रॉली कशी जोडणार? घण उलटा मारला, हळदीचं उरलेलं तेलही ओतलं. पिन हलेल तर शपथ! व्याही पारोळ्याचे झुलालआबा, रुसण्यात पटाईत. साखरपुड्यात चहाला बशी नाही म्हणून चपला घालून निघाले होते.

"निंबा, आबा परत गयात तं मनी पोर मांडवमाच बशी राही रे!"

आबा परत गेले नाहीत. उन्हातान्हात वऱ्हाड घेऊन चालत आले, लालबुंद होऊन.

"अभिमनभाऊ, वऱ्हाड पायी उनं! हाऊच का मान?"

"आबा, पिन अडकेल शे," अभिमननं हात जोडले.

"कोनती पिन?"

संपलं! आबांच्या दारातही ट्रॅक्टर होता. त्यांनी फेटा नवरदेवाच्या हातात दिला आणि सरळ ट्रॅक्टरखाली शिरले; मागोमाग अभिमनही. "घण कोन्ही मारा? गधडा!" निंबा गर्दीत दडला. वरपक्ष डावीकडून, वधूपक्ष उजवीकडून सल्ले देऊ लागला. नवरदेवाच्या नव्या सफारीला ग्रीस लागलं तरी कुणी बघेना.

"आबा, मुहूर्त टळतोय!" भटजी कळवळले.

"लगीन लाई द्या! आमनी पिन ऱ्हायनी शे!" ट्रॅक्टरखालून आवाज आला.

मंगलाष्टकं झाली. दोन्ही व्याह्यांनी अक्षता ट्रॅक्टरखालूनच फेकल्या. शेवटच्या "सावधान"ला पिन निघाली, आणि टाळ्या मांडवापेक्षा तिकडेच जास्त पडल्या. अभिमननं हसत-रडत आबांना मिठी मारली. देवानंच लाज राखली म्हणायची!

आबांनी हात पुसले, फेटा चढवला. "आते जोडा ट्रॉली."

"कोनले आननं शे आबा? बठ्ठा तं आठेच शेतस." अभिमननं समोर उभ्या वऱ्हाडाकडे बोट दाखवलं.

"आमले!" आबा म्हणाले. "आम्ही पायी स्टँडवर जातस. तुम्ही ट्रॉली लई या. मान म्हनजे मान!"

आणि नव्या नवरीला घेऊन सगळं वऱ्हाड उपाशीपोटी स्टँडकडे चालू लागलं.