एक्स-रेच्या बाकावर वाटलेला शिरा

अंबडच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या रंगनाथची एकच फुशारकी असे: पंगतीत आग्रह करावा तर त्यानेच. त्याच्यापुढे ‘पुरे’ म्हणून हात आडवा धरणारा उभ्या नाशकात जन्मला नव्हता. खाण्यातही गडी मागे नव्हता. पण जेवलं की पोटात उजवीकडे कळ यायला लागली आणि बायकोने, कुसाबाईने, घरातलं तूप कुलपात टाकलं.

डॉक्टरांना संशय पित्ताशयाचा. ते ऐंशीच्या आसपासचे दिवस, पोटात डोकवायचं तर एक्स-रे. आदल्या रात्री बिनतुपाचं जेवून गोळ्या घ्यायच्या, म्हणजे औषध पित्ताच्या पिशवीत साठतं आणि ती फोटोत दिसते. सकाळी उपाशीपोटी पहिला फोटो. मग तुपकट खायचं आणि पिशवी आवळते का, ते दुसऱ्या फोटोत बघायचं.

“आवळली नाही तर ऑपरेशन,” डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन म्हटल्यावर रंगनाथला घाम फुटला. तरी ‘तुपकट खा’ एवढं मात्र त्याने परत एकदा विचारून पक्कं करून घेतलं.

नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका दवाखान्यात त्याचा पहिला फोटो झकास आला. कुसाबाईने तूप सुटेपर्यंत परतलेल्या शिऱ्याचा डबा हातात दिला, “सगळा संपवा,” असं बजावलं आणि ती बाजारात गेली. रंगनाथने झाकण काढलं. वेलदोड्याच्या वासाने अख्खा बाक जागा झाला. शेजारी सुरगाण्याहून आलेली म्हातारी लंकाबाई, पलीकडे सायकली दुरुस्त करणारा झुंबर. दोघांनी रात्री गोळ्या घेतलेल्या, पोटं रिकामी, पहिला फोटो अजून व्हायचा होता.

उपाशी माणसांसमोर एकट्याने खायचं? रंगनाथच्या सात पिढ्यांत हे कोणी केलं नव्हतं.

“घ्या आजी, घासभर.”

“नाय रं बाबा. डागतर नाय बोललाय.”

“हे काय खाणं आहे? सत्यनारायणाचा प्रसाद समजा.”

प्रसाद म्हटल्यावर लंकाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि ओंजळ पुढे केली.

“दादा, मला सक्त मनाई आहे,” झुंबर पुटपुटला.

“प्रसादाला नाही म्हणतोस?”

झुंबरने चपला काढल्या.

एकदा हात पुढे आला की रंगनाथ थोडाच ऐकतो? तो वाढत गेला, ती दोघं खात गेली. शेवटी त्याच्या वाट्याला डब्याच्या कडेची खरवड उरली.

तिघांचे फोटो झाले आणि डॉक्टर पडलेल्या चेहऱ्याने बाहेर आले.

“आजी, तुमची पिशवी फोटोत दिसतच नाही. झुंबर, तुझीही नाही. आणि रंगनाथराव, तुमची डबाभर तूप खाऊनही जशीच्या तशी. तिघांनाही ऑपरेशन लागणार असं दिसतंय.”

लंकाबाईने डोळ्यांना पदर लावला. “पोट फाडलं तं माझा भात कोन लावंल?”

रंगनाथ पेचात पडला. खरं सांगावं तर डॉक्टर फाडून खाणार, न सांगावं तर फाडून ठेवणार. तेवढ्यात कुसाबाई आली आणि रिकामा डबा पाहून सुखावली.

“सगळा खाल्लात ना?”

“लय गुनाचा हाय तुझा दादला,” लंकाबाई रडता रडता म्हणाली. “आमाला पोटभर परसाद दिला.”

डॉक्टरांनी हातातली फिल्म टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला.

“अहो रंगनाथराव, तुपाने यांच्या पिशव्या फोटोच्या आधीच रिकाम्या झाल्या. आणि तुमची आवळणार कशाने, आग्रहाने? रात्री परत गोळ्या घ्या आणि उद्या या, तिघंही.”

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या दोघांच्या पिशव्या लख्ख दिसल्या. रंगनाथला मात्र डॉक्टरांनी डब्यासकट फिल्म धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. लाल दिव्याखाली, लटकणाऱ्या ओल्या बरगड्यांच्या सोबतीने त्याने शिरा संपवला. पिशवी मुठीसारखी आवळली होती.

“साधं अपचन आहे. ऑपरेशन नको,” डॉक्टर म्हणाले. “बेतानं काहीही खा.”

कुसाबाईने तिथेच देवाला हात जोडले. “आज तरी पोटभर खाल्लंत ना?”

“कसलं पोटभर,” रंगनाथ तोंड पाडून म्हणाला. “आत ‘अजून थोडा घ्या’ म्हणायला कोणी नव्हतंच.”